भाषेचा तास आणि परस्परांची ओळख



आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार दहा हजार किंवा त्याहून अधिक भाषक असलेल्या भाषांची संख्या १२१ आहे. अशा देशात भाषाशिक्षण हे परस्परांना समजून घेण्याचेही शिक्षण ठरते. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने त्रिभाषा सूत्र स्वीकारले. हिंदीभाषक राज्यांतील विद्यार्थ्यांनी शक्यतो दक्षिणेकडील एक भाषा शिकावी, अशी त्यात अपेक्षा होती. पुढील चर्चा मात्र बहुधा 'कोणती भाषा' या प्रश्नाभोवतीच फिरत राहिली. त्या भाषेच्या माणसांशी बोलावे कसे, हा प्रश्न मागे पडला.

काही उदाहरणे पाहू. मराठी मूल आईला 'तू' म्हणते. अनेक हिंदीभाषक घरांत आईलाही 'आप' म्हणतात. एकाला दुसऱ्याचे बोलणे कोरडे वाटते, दुसऱ्याला पहिल्याचे उद्धट. व्याकरण दोघांचेही निर्दोष असते. गैरसमज होतो तो संकेतांचा. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. याउलट, निरोप घेताना आपण 'येतो' म्हणतो, बंगाली माणूस 'आशि' म्हणजे 'येतो'च म्हणतो आणि तमिळ माणूस 'पोयिट्टु वरेन्', म्हणजे 'जाऊन येतो'. मराठीतील 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद तमिळ व तेलुगूतही आहे; हिंदीत दोन्हींसाठी 'हम' हा एकच शब्द येतो.

हे शिकवण्यासाठी वेगळ्या विषयाची गरज नाही. संबोधन, विनंती, नकार आणि निरोप यांचे प्रसंग विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या भाषेत सांगावेत, त्यांची तुलना करावी आणि मग नव्या भाषेत संवाद रचावेत. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने वर्गातील बहुभाषिकता ही अडचण नसून साधन आहे, असे मानले. स्थलांतरित कुटुंबातील मूल अशा वर्गात मागे राहत नाही. त्याच्याजवळचे ज्ञान सर्वांच्या उपयोगी पडते.

परंतु परीक्षेत केवळ व्याकरण आणि भाषांतर यांनाच गुण असतील, तर वर्गातही तेवढेच शिकवले जाईल. म्हणून मूल्यमापनात संवादाला स्थान हवे. आपल्यापैकी काही जण उद्या अखिल भारतीय सेवांमध्ये जातील. वाट्याला आलेल्या राज्याची भाषा त्यांना शिकावी लागेल. अर्ज वाचण्यापुरती भाषा प्रशिक्षणात येईल; अर्जदाराच्या संकोचाचा, मौनाचा अर्थ लावण्याची सवय मात्र शालेय वर्गातच लागायला हवी.