पहिली पायरी



या व्यासपीठावरून आपण मोठमोठे विषय ऐकले असतील. मी आज केवळ एका पायरीविषयी बोलणार आहे, आणि ती म्हणजे बसची पहिली पायरी. विषय फार लहान वाटेल. पण तो लहान वाटतो याचे कारण एवढेच, की आपण ती पायरी न मोजता चढतो.

माझ्या थोरल्या बहिणीला लहानपणी पोलिओ झाला. ती चाकाच्या खुर्चीवरून हिंडते. एकदा आम्ही दोघे बसने एका लग्नाला गेलो. कंडक्टर भला माणूस होता. त्याने आणि मी तिला उचलून आत बसविले, खुर्ची मिटवून मागे ठेवली. घरी परतल्यावर ती म्हणाली, "अरे, सगळे चांगले वागले. पण जाताना मी पोत्यासारखी चढले आणि येताना पोत्यासारखी उतरले. पुन्हा मला बसने नेऊ नकोस." त्यानंतर ती बसने कोठेही गेली नाही. दया आणि सोय या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळले.

आपल्या एसटीत अपंगांना भाड्यात 75 टक्के सवलत आहे, राखीव जागाही आहे. योजना चांगलीच आहे. परंतु जागा दाराच्या आत आणि माणूस दाराच्या बाहेर, अशी स्थिती असेल तर त्या सवलतीचे काय करायचे?

आता थोडा हिशेब करू. नेहमीच्या उंच बसचा तळ रस्त्यापासून सुमारे 90 सेंटीमीटरवर असतो. इमारतीच्या उतरणीला आपण एकास बारा हे प्रमाण धरतो. त्या प्रमाणाने या बसला उतरण लावायची तर ती जवळजवळ 11 मीटर होईल, म्हणजे बसच्याच लांबीएवढी! उलट, शहरांसाठी निघालेल्या लो-फ्लोअर बसचा तळ 40 सेंटीमीटरवर असतो. 15 सेंटीमीटर उंचीचा फुटपाथ असला तर अंतर उरले 25. शिवाय अशा काही बसच्या चाकांवर हवेच्या स्प्रिंगा असतात. त्यांतली हवा सोडली की बस दाराच्या बाजूला किंचित झुकते. मग दारातली घडीची फळी खाली टाकली, की खुर्ची आत जाते. चढ थोडा उभा राहतो, पण एका हाताच्या आधाराने काम भागते.

मात्र बस फुटपाथला लागूनच उभी राहिली पाहिजे. ती भर रस्त्यात थांबली, किंवा थांब्यावर मोटारसायकली लावलेल्या असल्या, तर महागडी बसही फुकट गेली. आणि घाटातल्या, खड्ड्यांच्या रस्त्यावर खालचा तळ चालणार नाही असे कोणी म्हणेल, तर ते खरे आहे. तेथे बसलाच यांत्रिक पाळणा बसविता येतो. नाहीतर फलाट तरी बसच्या तळाएवढा उंच करता येतो. अहमदाबादेत 2009 साली सुरू झालेल्या बससेवेत थांबे असेच तळाच्या पातळीवर बांधले आहेत.

दुसरीकडे हे आपोआप झाले असे मात्र समजू नका. अमेरिकेतील डेन्व्हर शहरी 5 जुलै 1978 रोजी 19 अपंग माणसे कोलफॅक्स आणि ब्रॉडवे या रस्त्यांच्या चौकात गेली आणि त्यांनी बस अडवून धरल्या. रात्रही त्यांनी तेथेच काढली. त्यांचे मागणे फुकट प्रवासाचे नव्हते. आम्हाला इतरांसारखे बसमध्ये चढू द्या, एवढेच ते होते. पुढे 26 जुलै 1990 रोजी त्या देशात कायदा झाला, आणि ठराविक मार्गांवरील सेवेसाठी घेतली जाणारी नवी बस खुर्ची चढण्याजोगीच असली पाहिजे असे ठरले.

आपल्याकडेही कायदा आहे. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग मोजले गेले. 2016 च्या कायद्याचे एकेचाळिसावे कलम वाहतुकीच्या सोयींचेच आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की अशा सोयींबाबत नुसत्या मार्गदर्शक सूचना पुरेशा नाहीत, बंधनकारक नियम हवेत.

पण नियम दिल्लीत होतात आणि बस आपल्या गावात विकत घेतली जाते. एकदा घेतलेली बस दहा-दहा वर्षे रस्त्यावर राहते. आज उंच पायरीची बस घेतली, तर आपण दहा वर्षांसाठी काही माणसांना घरी बसविले असे होईल. म्हणून पुढच्या खरेदीच्या वेळी आपल्या नगरसेवकाला एकच प्रश्न विचारा: हिचा तळ किती उंच आहे? त्यात केवळ परोपकार नाही. कडेवर मूल घेतलेली आई, भाजीची पाटी घेतलेली बाई, गुडघे धरून चढणारे आजोबा, यांनाही तीच पायरी नडते. आणि आजोबांचे वय आपल्यापैकी कोणाला चुकणार आहे?

माझी बहीण आज या सभेत नाही. आमच्या घरावरून इकडे बस येत नाही असे मुळीच नाही. ती दर वीस मिनिटांनी येते. अडते ते पायरीपाशी. ती पायरी आपण सर्वांनी मिळून उतरवू या, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.