कानबाईचा नारळ

चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, गौताळ्याच्या डोंगरकुशीत पाटणादेवी आहे. ही चंडिका, म्हणजे महिषासुराचा वध करणारी. नवरात्रात तिच्या दगडी हेमाडपंती देवळाकडे खानदेश लोटतो. देवीच्या या पाटण परिसरातच महादेवाचेही जुने मंदिर आहे. तिथला शके १०७५चा, म्हणजे इ.स. ११५३चा शिलालेख निकुंभ घराण्याची हकिकत सांगतो. इंद्रराजाने हे मंदिर बांधायला घेतले आणि त्याच्यामागे ते पुरे झाले. तेव्हा त्याचा मुलगा लहान होता, राज्य राणी श्रीदेवी सांभाळत होती.

पाटणची देवी पाथरवटांनी घडवली. खानदेशाची दुसरी देवी मात्र घरातल्या बायका स्वतः घडवतात.

ती कानबाई. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी तिची स्थापना होते. चौरंगावर कलश, कलशावर नारळ. त्या नारळालाच डोळे लावायचे, नथ घालायची, कुंकू रेखायचे, वस्त्र नेसवायचे, दागिने चढवायचे. थोड्याच वेळात फळाचा चेहरा होतो आणि घरातली म्हातारी माणसेसुद्धा त्याच्यापुढे हात जोडतात. काही घराण्यांत नारळ पिढ्यान्पिढ्या जपलेला असतो. सासूकडून तो सुनेकडे येतो. या कलेला शाळा नाही. नथ कुठे टेकवायची, पदर कसा घ्यायचा, हे पोरी आईशेजारी बसून शिकतात. चित्र-शिल्पांच्या चर्चेत या हातांचे नाव निघत नाही, आणि हा मोठा अन्याय आहे. निराकार शक्तीला रूप देणे हेच मूर्तिकाराचे काम, आणि ते या बायका दरवर्षी चोख करतात.

रात्रभर अहिराणी गाणी, फुगड्या. सोमवारी सुवासिनी चौरंग डोक्यावर घेऊन, वाजतगाजत नदीवर जातात. त्या दिवशी रस्ता बायकांचा असतो.

एक गोष्ट मात्र खटकते. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मोजायचे ते घरातल्या पुरुषांच्या संख्येवर, दरडोई सव्वा मूठ, अशी पुष्कळ घरांची रीत आहे. देवी बाई, तिला घडवणारी बाई, गहू दळणारी आणि रोट लाटणारीही बाई. मोजणीत मात्र ती नाही.

खानदेशातल्या मायबहिणींना, आणि त्यांच्याइतकेच घरच्या कर्त्यांना, एवढेच सांगणे आहे: येत्या श्रावणात रोटांचे गहू काढाल, तेव्हा घरातल्या प्रत्येक लेकीच्या आणि सुनेच्या नावाने सव्वा मूठ जास्त घ्या.