पदवी स्वस्त, वाट पाहणे महाग
(जिल्हास्तरीय साहित्य संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



२०२०च्या जानेवारीत याच धाराशिव जिल्ह्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. मराठीच्या भवितव्यावर बोलणे ही संमेलनांची जुनी रीत आहे. मला आज मराठी, इतिहास, समाजशास्त्र घेऊन बी.ए. होणाऱ्या पोरांच्या भवितव्यावर बोलायचे आहे, आणि तेही रुपयांत.

अमेरिकेत शैक्षणिक कर्जाचा डोंगर १.६ लाख कोटी डॉलरच्या वर गेला आहे. कलाशाखेच्या पदवीने हे कर्ज फिटेल का, हा तिथल्या घरांतला प्रश्न. पुण्याच्या ज्या खासगी विद्यापीठांत अशा पदवीची वर्षाची फी लाखांत जाते, तिथेही आता हाच हिशेब मांडला जातो. परंड्याच्या किंवा उमरग्याच्या अनुदानित महाविद्यालयात मात्र बी.ए.ची फी काही हजारांत भागते. म्हणून आपण बिनधास्त म्हणतो, आपल्या मुलांवर कुठले आलेय कर्ज! कर्ज आहे. फक्त ते बँकेच्या खात्यावर दिसत नाही.

ते चढते पदवीनंतर. निकाल लागला की पोरगा स्पर्धा परीक्षेच्या तयारीला पुण्याला जातो. कॉट बेसिसवर खोली, मेसचा डबा, अभ्यासिकेची फी, टेस्ट सिरीज, फॉर्मचे पैसे. काटकसरीने महिन्याला आठ हजार धरा. वर्षाचे झाले शहाण्णव हजार. जाहिरात लांबते, परीक्षा पुढे जाते, कट-ऑफ दोन गुणांनी हुकतो. अशी पाच वर्षे गेली की आकडा पावणेपाच लाखांपुढे जातो. त्या पाच वर्षांत न झालेली कमाई यात धरलेलीच नाही.

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ठरावीक रकमेपर्यंत तारण लागत नाही आणि अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभर हप्त्याला सवड मिळते. पण हे कर्ज मिळते पदवीच्या अभ्यासक्रमाला. पदवीनंतर वाट पाहण्याला कोणती बँक कर्ज देणार? साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी केंद्राने २००९ साली व्याज अनुदान सुरू केले, तेही तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणापुरते. मग पैसा येतो कुठून? सोयाबीनच्या पट्टीतून, आईच्या बचत गटातून, गहाण पडलेल्या डोरल्यातून, हातउसन्यातून आणि शेवटी सावकाराकडून. सावकार सवड देत नाही. पाऊस दगा देतो त्या वर्षीही अभ्यासिकेची फी चुकत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांचा २०२४ चा रोजगार अहवाल सांगतो की २०२२ साली देशातल्या पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्यांत ३.४ टक्के. म्हणजे शिक्षणाने माणूस निकामी होतो, असा अर्थ काढू नका. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल मजुरीवर पेटते त्याला बेकार राहणे परवडतच नाही. तो मिळेल त्या कामाला जातो. पदवीधर थांबतो, कारण घर पोटाला चिमटा काढून त्याला थांबू देते. हे थांबणेच महाग पडते, आणि त्याचे बिल मात्र आपण कलाशाखेच्या नावावर फाडतो.

या शाखेत दम नाही, असे म्हणणाऱ्यांना मी १९१३ सालची आठवण करून देईन. सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना अमेरिकेतल्या शिक्षणासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. अट होती दहा वर्षे बडोद्यात नोकरीची. कोलंबियात ते अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान शिकले. परत आल्यावर जातीपायी बडोद्यात राहायला जागा मिळेना आणि नोकरी सोडावी लागली. त्या शिक्षणाने देशाला काय दिले, हे मी सांगायला नको. पण शिकत असताना पैसा महिन्याच्या महिन्याला हाती येत होता, हे विसरू नका.

आपल्याच तुळजापुरात टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर १९८६ पासून आहे. २०१८च्या फेब्रुवारीत मुंबईसह संस्थेच्या चारही ठिकाणचे विद्यार्थी संपावर गेले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह आणि भोजनाच्या शुल्कातली सवलत बंद झाली होती. आधी खिशातून भरा, शिष्यवृत्ती मागाहून येईल, हे ज्याच्या खिशात काही नाही त्याला सांगून काय उपयोग?

म्हणून तीन मागण्या करतो. शिष्यवृत्ती प्रवेशाच्या वेळी हाती पडावी. ती पुढच्या वर्षी आली तर तोवर व्याज सुरू झालेले असते. प्रत्येक महाविद्यालयाने आपले बी.ए. पाच वर्षांनी काय करतात, किती कमावतात, याची नोंद ठेवून ती माहितीपत्रकात छापावी. पालकाला खरा आकडा कळू द्या. आणि आता चार वर्षांची ऑनर्स पदवी आली आहे, तर त्या जादा वर्षात भाषांतर, मुद्रितशोधन, दस्तलेखन, तेरसारख्या प्राचीन स्थळी वाटाड्याचे काम, यांपैकी एक कसब पोटापुरते हाती यावे. आणि पोरांनो, स्पर्धा परीक्षा जरूर द्या. पण किती वर्षे द्यायची, हे पहिल्याच वर्षी घरच्यांसमोर बसून ठरवा.

चौथी गोष्ट आपल्यासाठी. कविसंमेलनाला बोलावलेल्या मुलीला आपण शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ देतो. एसटीचे भाडे तिने स्वतःच्या पैशाने भरलेले असते. मांडववाला, ध्वनिक्षेपकवाला, आचारी यांचे पैसे मात्र आपण चुकते करतो. शब्दांच्या कामाला आपणच मोल देत नसू, तर कलाशाखेला बाजारात किंमत नाही, ही तक्रार कोणत्या तोंडाने करायची? आयोजकांना माझी विनंती आहे, की आजच्या कविसंमेलनातल्या प्रत्येकाला प्रवासखर्च आणि मानधन द्यावे, आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात ती रक्कम हारतुऱ्यांच्या आधी लिहावी.