सुटीतले पालकत्व

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा मराठी इतिहास देवनागरीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी तो १८०३ साली कोरविला. तेथील पुष्कळ मराठी मुले घरी मराठी बोलतात, परंतु शाळेत तमिळ अक्षरे गिरवितात. घरची भाषा दगडावर दिसली, तरी कित्येकांना ती वाचता येत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या पालकाने रोज सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, आळीतील दहा मुले त्या भिंतीपाशी नेली, तर ही उणीव भरून निघू लागेल. मात्र तेथे त्याने आपले मूल दहांतील एक मानावे. पहिली ओळ वाचण्याचा मान आपल्या मुलास न देता, जो अधिक अडखळतो त्यास द्यावा. स्वतःचे मूल रुसेलही. परंतु दुसऱ्यासाठी थांबणे, हाही त्याचा त्या दिवशीचा धडाच होय.