एकाच खुर्चीत हेर आणि पहारेकरी

आपल्या राजूर परिसरातला माल परदेशी जायचा तर तो बहुधा उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातूनच जातो. २७ जून २०१७ रोजी या बंदरातल्या एका टर्मिनलचे काम संगणकी हल्ल्याने ठप्प झाले. ‘नॉटपेट्या’ नावाचा तो घातक प्रोग्रॅम रशियाच्या लष्कराने सोडला, असा आरोप पुढे अमेरिका आणि ब्रिटनने केला. पण संगणकांत शिरण्याची त्याची एक युक्ती अमेरिकेच्याच एनएसए या गुप्तचर संस्थेतून चोरीला गेलेली होती. त्या वेळी संस्थेचे प्रमुख होते अ‍ॅडमिरल मायकेल रॉजर्स. १९८१ मध्ये नौदलात आलेले रॉजर्स १९८६ मध्ये युद्धनौका सोडून गुप्तसंदेशांच्या शाखेत गेले. २०११ पासून त्यांनी नौदलाचे सायबर दल सांभाळले, आणि २०१४ ते २०१८ या काळात एनएसए व लष्करी सायबर कमांड दोन्ही त्यांच्याच हाती होत्या.

माझा आक्षेप त्यांच्या कर्तबगारीवर नाही, या जोडपदावर आहे. संगणकप्रणालीतला दोष हेराला गुप्त राहायला हवा असतो. पहारेकऱ्याला तो लगेच बुजवायचा असतो. दोघांचा वरिष्ठ एकच असला, की पारडे हेराकडे झुकण्याचा धोका वाढतो, कारण मिळालेली बातमी दाखवता येते, टळलेला हल्ला दाखवता येत नाही. कोणी म्हणेल, चोरीची ती युक्ती ज्या दोषावर चालली, त्यावर मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दुरुस्ती दिली होती, ती न बसवणारेच दोषी. त्यात तथ्य आहे. पण हा दोष एनएसएने त्याआधी पाच वर्षांहून अधिक काळ वापरल्याचे अमेरिकी वृत्तपत्रांनी छापले आहे, आणि त्या काळात तो बुजवण्याची संधी कोणालाच नव्हती.

माझ्या म्हणण्यावरचा दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: शत्रूची चाल कळल्याखेरीज पहारा कसा द्यायचा? खाती वेगळी केली तर बातमी फायलीत अडकेल. पण बातमी पोहोचवण्यासाठी खुर्ची एक असावी लागत नाही, पोहोचवण्याचे बंधन असावे लागते. आपल्याकडे लष्करी गुप्तवार्तेची संस्था २००२ पासून आहे; डिफेन्स सायबर एजन्सी २०१९ मध्ये वेगळी उभी राहिली आणि तिचे पहिले प्रमुखही नौदलाचेच, रिअर अ‍ॅडमिरल मोहित गुप्ता. ही फारकत टिकवावी. सापडलेला दोष किती दिवस लपवायचा, हे मात्र या दोन्ही संस्थांबाहेरच्या, सरकारला उत्तरदायी असलेल्या मंडळाने ठरवावे. कारण तो दोष उघडा राहिला तर नुकसान बंदराचे आणि तिथे माल पाठवणाऱ्यांचे होते.