नववीच्या वर्गाने नाव बांधावी
(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेत माझा विषय ‘घरच्या घरी प्लायवूडची नाव’ असा छापला आहे. तो सांगणारच आहे. पण माझी गाडी शेवटी शाळेवर येणार, हे संयोजकांच्या कानावर आधीच घातलंय. माझं म्हणणं असं : आपल्याकडे ज्या ज्या शाळेजवळ तळं, नदी, धरण किंवा खाडी आहे, तिथल्या नववीच्या वर्गाने दरवर्षी एक नाव बांधावी. विकत घेऊ नये, देणगीत मागू नये. बांधावी.

नाव का तरंगते, हे आर्किमिडीजपासून सांगत बसत नाही. ते सगळ्यांचं झालेलं आहे. थेट दुकानात जाऊ.

८ बाय ४ फुटांचा, ६ मिलिमीटर जाडीचा मरीन प्लाय मागायचा. नुसतं ‘वॉटरप्रूफ द्या’ म्हणालात तर काय हाती पडेल सांगता येत नाही. आयएस ७१० चा शिक्का बघा. त्या मानकात प्लायचा तुकडा ७२ तास उकळून पारखतात. तुम्ही दुकानदाराकडून एक तुकडा आणा, जुन्या पातेल्यात काही तास उकळा. थर सुटले तर तो प्लाय नको. कडेनेही बघा. मधल्या थरात पोकळी दिसली की समजा, पाणी तिथूनच शिरणार.

आता खरी गंमत. प्लाय सपाट आणि नाव फुगीर, हे जमायचं कसं? जुन्या पद्धतीत आधी कणा, मग फासळ्या, मग फळ्या. इथे आधी सांगाडा उभा करायचा नाही. तळाचे दोन तुकडे, बाजूंचे दोन, पुढची-मागची आडवी फळी, एवढं आखून कापायचं. कडांना बारीक भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवायचं.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलांबरोबर हे चाललं होतं, तेव्हाची गोष्ट सांगतो. नववीतली एक मुलगी अडून बसली. “काका, दोन्ही कडा वेगवेगळ्या वाकड्या कापल्यात. जुळणार कशा?” मी उत्तर द्यायच्या आत मागून आवाज आला. आमच्याकडे एक आजोबा राहतात, जन्मभर शिवणकाम केलेले. ते म्हणाले, “अगं, ब्लाउजची बाही मुंढ्याला बसते ती काय सरळ कापून? कापड सपाट, खांदा गोल. बेततानाच कड वाकडी काढायची, शिवताना ती आपोआप फुगते.” मग खाली वाकून तारा बघितल्या. “ही कच्ची टीप ना? पक्की शिलाई झाली की उसवायची?”

श्रोतेहो, अख्खी पद्धत त्या दोन वाक्यांत आली! आजोबांनी मुलांच्या हातातली पक्कड घेतली. मुलं एका टोकापासून एकेक तार करकचून आवळत निघाली होती. ते म्हणाले, “असं नाही. मधून सुरुवात करा, एक टाका इकडे, एक तिकडे, आणि सगळे आधी सैल ठेवा.” मग दुसरी फेरी, तिसरी फेरी. प्रत्येक फेरीला पार्किंगच्या फरशीवरची ती पाटी दोन्ही बाजूंनी उचलली जाऊ लागली. तळाला पोट आलं, बाजूंना बाक आला. वरच्या मजल्यांवरून माणसं खाली उतरली. कोणी चहा आणला. आजोबा कोणाला हात लावू देईनात.

(अध्यक्ष घड्याळ दाखवतात.) हो, हो, येतो पुढे. पण एक राहिलं. चिकटवायच्या आधी मुलांनी दोन्ही कर्ण दोरीने मोजले. कर्ण सारखे नसतील तर नाव पिळलेली आहे, आणि पिळलेली नाव सरळ चालत नाही. भूमितीच्या वहीत चुकलं तर अर्धा गुण जातो. इथे मुलांनी तारा सोडल्या आणि पुन्हा आवळल्या. कोणाला सांगावं लागलं नाही. मी शाळेचा आग्रह का धरतो, ते एवढ्यासाठी.

आता इपॉक्सी. ती रंगासारखी वाळत नाही. रेझिन आणि हार्डनर यांची रासायनिक क्रिया होऊन घट्ट होते. डब्यावरचं प्रमाण काटेकोर मोजायचं. ‘हार्डनर जरा जास्त घाला, लवकर धरेल’ असा सल्ला पुष्कळ जण देतात, तो ऐकू नका. जादा हार्डनरला जोडीदार मिळत नाही आणि सांधा मऊ राहतो. खोल मगात ठेवलेलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धुरावतं. पसरट ताटलीत ओता. हातमोजे हवेतच, कारण तिची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. कालवण्याचं काम मोठ्यांचं. त्यात लाकडाची बारीक पूड आणि सिलिका मिसळून, चमच्यावरून ओघळणार नाही अशी लांबी आतल्या कोपऱ्यात भरायची, गोल टोकाच्या पट्टीने ओढायची, वर काचकापडाची पट्टी. ते धरलं की तारा काढायच्या. शेवटी रंग द्यायचाच, उन्हाने इपॉक्सी खराब होते.

(श्रोत्यांतून : “म्हणजे चिकटवलेली नाव! पाण्यात सुटली तर?” हशा.)

हसा, पण उत्तरही ऐका. ‘म्हादेई’ ही नौका गोव्यात दिवाडी बेटावर बांधली गेली. लाकडाचा गाभा, वर काचकापड आणि इपॉक्सी. तीच नौका घेऊन दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता जग फिरून आले. चिकटवलेलं लाकूड दक्षिण महासागरात टिकतं, ते तुमच्या धरणात टिकेल.

(दुसरे श्रोते : “आपल्या कोकणातले सुतार सोडून ही विलायती पद्धत कशाला?”)

सुतारांना सोडा असं मी म्हटलेलंच नाही! शिवलेली जहाजं ही आपल्याच किनाऱ्याची विद्या. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बेतलेलं, काथ्याने शिवलेलं ‘कौंडिण्य’ केरळच्या कारागिरांनी गोव्यात बांधलं आणि २०२५ मध्ये ते नौदलात आलं. तिथले टाके कायमचे असतात. पण ती विद्या हातात यायला आयुष्य लागतं. नववीच्या मुलाकडे एक वर्ष आहे. त्याने प्लायची नाव बांधली, तर सुताराचं काम बघायची नजर तरी त्याला येईल.

आणि हा श्रीमंतांचा छंद नव्हे. १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ आखली. प्लायच्या आठ फुटी पाटीत बसावी म्हणून तिचं टोक छाटून आडवी फळी लावली. आज जगभरची मुलं तिच्यावर शीड हाकायला शिकतात. १९६३ मध्ये इंग्लंडात ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राने लाल शिडाची ‘मिरर’ आणली. आराखडा जॅक होल्ट आणि दूरचित्रवाणीवर घरदुरुस्ती शिकवणारे बॅरी बकनेल यांचा. ३.३ मीटर लांबी, हीच तारेची शिलाई. चिकटवायला तेव्हा पॉलिएस्टर रेझिन. पगारदार माणसांनी त्या घरी बांधल्या, आणि ७०,००० हून अधिक झाल्या.

(अध्यक्षांची चिठ्ठी.) पाच मिनिटं? मग बाकीचं सोडतो, शाळेचं सांगतो.

धरणावर परवानगी लागते. ती शाळेने मागावी. पोहता आल्याशिवाय आणि लाइफ जॅकेटशिवाय कोणी चढायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशी फळ्यावर लिहावा. पाण्यापासून मुलं लांब ठेवून आपण त्यांना सुरक्षित केलं असं समजतो. पाणी लांब राहत नाही. सहलीत, पुरात, नदीकाठी ते भेटतंच, आणि तेव्हा मूल अनोळखी पाण्यासमोर उभं असतं.

इथे शिक्षक बसलेत, त्यांच्यासाठी वेळापत्रक देतो. जून ते सप्टेंबर पुठ्ठ्यावर एकास दहा प्रमाणात नमुना. भूमितीच्या तासालाच करून घ्या. पावसाळ्यात इपॉक्सीला हात लावू नका, दमट हवेत तिच्यावर मेणचट साय धरते आणि पुढचा थर बसत नाही. दिवाळीच्या सुट्टीत, कोरड्या हवेत शिलाई आणि चिकटवणं. जानेवारीत रंग. तोवर मुलांचं पोहणं पक्कं करा. वार्षिक परीक्षा संपली की नाव पाण्यात.

पुठ्ठा आजच्या आज मिळतो. ज्यांना आखणीची मापं हवीत त्यांनी आत्ता व्यासपीठाजवळ थांबा, मी कागद घेऊन आलो आहे.