तळव्यांची आग आणि लाल दिवा



अध्यक्षीय भाषणात संस्थेच्या वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. ती यंदा बाजूला ठेवण्याचं कारण ओपीडीच्या दारात सापडतं. मधुमेह जुना झालेल्या एक आजी येतात. पिशवीतून गोळ्यांच्या पाकिटांबरोबर एक काळा पट्टा निघतो, आतून लाल दिव्यांचे ठिपके असलेला. नातवाने ऑनलाइन मागवलेला. "रोज वीस मिनिटं बांधते, तळव्यांची आग निम्मी झाली बघा," असं त्या कौतुकाने सांगतात. आणि आत येताना उजव्या पायातली चप्पल उंबऱ्याशीच निसटून राहिलेली असते. आजींना त्याचा पत्ताच नसतो.

आग निम्मी झाली, यात खोटं काही नाही. प्रश्न एवढाच की ती कशामुळे कमी झाली. मधुमेहाने दुखावलेला मज्जातंतू सुधारला तर आग विझते; तो मरत गेला तरीही विझते. रुग्णाला आराम दोन्हीकडे सारखाच वाटतो.

लाल प्रकाशाचं शास्त्र थोतांड नव्हे. १९६७ मध्ये बुडापेस्टला डॉक्टर एंद्रे मेस्टर यांनी केस काढलेल्या उंदरांवर रूबी लेसर सोडला. कर्करोगाच्या गाठी विरघळतात का, हे त्यांना बघायचं होतं. लेसर फारच दुबळा निघाला. गाठींना काही झालं नाही, पण केस मात्र भराभर उगवले. पुढे संशोधकांनी पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाकडे बोट दाखवलं: तिथलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर लाल आणि अवरक्त प्रकाश शोषतं आणि पेशीला ऊर्जा जास्त मिळते, असं आज मानलं जातं. कर्करोगाच्या उपचारांत तोंड सोलवटून निघतं, ते टाळण्यासाठी हा प्रकाश आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत जाऊनही बसला आहे. केमोथेरपीने बधिरलेल्या हातापायांवरही २०१७ मध्ये ७० रुग्णांच्या चाचणीत खऱ्या उपचाराने खोट्यापेक्षा बरा आराम दिला.

मधुमेहाच्या पायाची गोष्ट मात्र वेगळ्या वळणाने गेली. अमेरिकेत ८९० नॅनोमीटरच्या अवरक्त पट्ट्यांचा मोठा बोलबाला झाला. २००४ मध्ये २७ रुग्णांची चाचणी आशादायक ठरली. २००५ मध्ये ३९ जणांवर चार आठवडे प्रयोग झाला. निम्म्यांचे दिवे चालू, निम्म्यांचे नुसते दिखाऊ. गंमत बघा, स्पर्शज्ञान दोन्ही गटांत सुधारलं! म्हणजे दिवा न लागलेल्यांचंही. २००८ च्या चाचणीत ६९ जणांना यंत्र घरी दिलं, रोज ४० मिनिटं, ९० दिवस. खऱ्या आणि खोट्या यंत्रात फरक सापडला नाही. त्याआधीच, ऑक्टोबर २००६ मध्ये, अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याने अशा उपचारांचे पैसे देणं थांबवलं होतं.

दुकानदार अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा, शिक्का पुढे करतात. असा 'क्लिअर्ड' शिक्का बहुतेकदा इतकंच सांगतो की हे यंत्र बाजारातल्या जुन्या यंत्रासारखंच आहे. मज्जातंतू बरा होतो, असं त्यात कुठे लिहिलेलं नसतं.

आणि शरीररचनेचं काय? अंगठ्यातली संवेदना नेणारा तंतू जवळजवळ मीटरभर लांब. त्याची मूळ पेशी कमरेत, पाठीच्या कण्यालगत. लाल प्रकाश कातडीखाली जेमतेम काही मिलिमीटर जातो, त्यात तळव्याची कातडी जाड. मुळाशी दुष्काळ पडलेल्या झाडाच्या शेंड्यावर पाण्याचा फवारा मारावा, तसा हा प्रकार. निदान आज हातात असलेल्या पुराव्यावरून तरी तसंच दिसतं.

पट्टा विकत घेण्याआधी एक साधी रक्ततपासणी होते का, हेही विचारायला हवं. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ जीवनसत्त्व उतरू शकतं. पुण्यातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत, २००६ मध्ये, ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं होतं. त्या कमतरतेनेही पायांना मुंग्या येतात, आणि तिच्यावरचं इंजेक्शन पट्ट्याच्या मानाने कवडीमोल. साखर ताब्यात ठेवण्याचं महत्त्व तर १९९३ मध्येच सिद्ध झालं: टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांत काटेकोर उपचारांनी न्यूरोपथीचा, म्हणजे मज्जातंतूंच्या विकाराचा, धोका ६० टक्क्यांनी घटला.

बधिर पाय कसा सांभाळायचा, हे भारत मधुमेहाआधी कुष्ठरोगातून शिकला. वेल्लोरला सर्जन पॉल ब्रँड यांनी दाखवलं की बोटं रोगाने गळत नाहीत. दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो. मऊ, सूक्ष्मछिद्री (एमसीआर) रबराची चप्पल त्या कामातून पुढे आली. असल्या पायाला गरम पाण्याची पिशवी नको, शेकायचा दिवाही नको. भाजलेलं कळणारच नाही.

लाल पट्टा वापरणाऱ्याला हिडीसफिडीस करू नये. दिवा गरम होत नसेल आणि गोळ्या चालू असतील, तर वीस मिनिटं पाय वर करून बसायला हरकत कसली? फक्त 'बरं वाटतं' एवढ्यावर फाइल मिटवू नये.

त्या आजींच्या बाबतीत पुढे इतकंच होतं: मोजे काढायला सांगितले जातात, डोळे मिटायला सांगितले जातात. स्पर्श तपासायचा, दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू अंगठ्याखाली टेकवला की धनुष्यासारखा वाकतो. मग चवड्यावर, मग करंगळीच्या बुडाशी. आजी डोळे मिटून वाट बघत असतात.

"डॉक्टर," त्या विचारतात, "सुरू कधी करताय?"